सहावं बटण

त्रिशला बिरनाळेच्या टेबलावरच्या फोनला उजव्या अंगाने आठ बटणं होती. पहिल्यावर मुख्य अभियंता, दुसऱ्यावर धरणाचा दरवाजा-कक्ष, तिसऱ्यावर कलेक्टर कचेरी, अशी पाच बटणं सरकारची. सहावं अण्णाचं. कागदोपत्री ते 'तांबखडी मोजणी केंद्र' होतं, पण वरच्या खोऱ्यातल्या त्या केंद्रात नदीची पातळी मोजायला आणि फोन उचलायला माणूस एकच, तिचा थोरला भाऊ नेमिनाथ. आईवडील गेल्यापासून त्रिशलाचं माहेर म्हणजे हे बोटाच्या पेराएवढं बटण.

दुपारच्या चहाला ते लुकलुकायचं. त्रिशला रिसीव्हर उचलायची आणि हॅलोबिलो काही नाही, एकदम विचारायची, "गोळी घेतलीस?"

"आधी जय जिनेंद्र तरी म्हण."

"ते गोळीनंतर."

मग अण्णा थापा मारायचा आणि ती पकडायची. त्याच्या आवाजावरून तिला कळायचं, की आज गोळी पाकिटातच आहे, नदीच्या पायऱ्या चढून आल्यावर धाप लागली आहे, वहिनीने नको म्हटलेलं लोणचं याने खाल्लं आहे. अण्णा बायकोपासून, डॉक्टरपासून, साहेबापासून, सगळ्यांपासून दुखणं लपवायचा. त्रिशलापुढे मात्र त्याचं काही चालत नसे. ती कडाकडा बोलायची, तो हसत ऐकायचा आणि फोन ठेवून मुकाट्याने गोळी घ्यायचा. शेजारच्या टेबलावर बसणारा इरफान मुजावर तिच्याबरोबरच कचेरीचं टेलिफोन एक्सचेंज सांभाळायचा. तो म्हणायचा, मॅडम, पाण्याची पातळी विचारायच्या लायनीवर तुम्ही रोज भावाची हजेरी घेता.

टेबलावरचे असले फोन मधल्या काळात सगळ्यांनीच भंगारात घातले होते. ते परत आणले खोट्या आवाजांनी. कुणाच्याही बोलण्यातली चार वाक्यं मिळाली की यंत्र हुबेहूब त्याच्यासारखं बोलायला लागलं. एका पावसाळ्यात कुणी तरी साहेबाच्या आवाजात मोबाइलवरून धरणाचे दरवाजे उघडायला लावले, तेव्हा ती नोकरीला होती त्या कृष्णाकाठ पूरनियंत्रण मंडळाने मोबाइलवरचा शब्द मानणंच सोडून दिलं आणि तारेचे फोन बसवले. या फोनच्या रिसीव्हरमध्ये, अगदी तोंडाशी, एक चिप असते. तोंडातून निघालेल्या आवाजाच्या प्रत्येक बारीक तुकड्यावर ती आपला शिक्का मारते. तारेच्या दुसऱ्या टोकाला एक्सचेंज ते सगळे शिक्के तपासतं. बरोबर निघाले, तर ऐकणाऱ्याच्या फोनवर हिरवा दिवा लागतो. बोलणारं माणूस तेच आहे, याची ती ग्वाही. मधे कुठे परका आवाज मिसळला, तर दिवा विझतो.

बटणांचं म्हणाल तर बटणात स्वतःचं असं काही नसतं. दाबलं की 'सहा दाबलं' एवढाच निरोप एक्सचेंजला जातो. त्या सहाचा अर्थ काय, ते एक्सचेंजमध्ये लिहिलेलं असतं. आज तो भावाचा फोन, उद्या एक ओळ बदलली तर शिपायाला बोलवायची घंटा. फोन येतो तेव्हाही तसंच, तो वाजवायचा, दुसऱ्याकडे वळवायचा की थांबवून धरायचा, हे तिथेच ठरतं. ते अर्थ लिहून देणं हे त्रिशलाचं काम. तांबखडीचा फोन बसवायला ती स्वतः गेली होती. अण्णाला समोर बसवून तिने सांगितलं होतं, की दिवा हिरवा असला की समज मीच आहे, डोळे मिटून विश्वास ठेव. अण्णाने ठेवला.

वैशाखात अण्णाची अँजिओप्लास्टी झाली. त्रिशला मिरजेच्या दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून राहिली. तो बरा होऊन कामावर गेला, पण तिच्या मनातली धाकधूक गेली नाही. पावसाळ्यात मंडळाच्या माणसांच्या रजा बंद. तिने सांगली सोडायची नाही, त्याने तांबखडी. डोळ्यांनी बघायला मिळणार नाही, मग आपण त्याच्यासाठी करायचं तरी काय, हा एकच विचार तिच्या मागे लागला.

आषाढात गावातल्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, साध्वी माताजींचा चातुर्मास सुरू झाला. बायका श्रीफळ घेऊन त्यांच्यापुढे बसायच्या आणि नियम घ्यायच्या. कुणी पालेभाजी सोडली, कुणी गोड सोडलं, कुणी नवी साडी. त्रिशलाकडे सोडण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. दिवस मावळल्यावर ती लहानपणापासून जेवत नसे, कांदा-बटाटा घरात येत नसे, खोटं बोलायचं नाही हे व्रत तर लग्नाच्या आधीपासूनचं. जे सोडलं तर जीव कळवळेल असं आपल्याकडे काय आहे, असं तिने स्वतःला विचारलं. उत्तर लगेच आलं. ते आलं नसतं तर बरं, असंही तिला वाटून गेलं.

अण्णाशी फोनवर बोलणं कार्तिकी पौर्णिमेपर्यंत वर्ज्य. अण्णाच्या प्रकृतीसाठी.

माताजी म्हणाल्या, "नियम आपल्या आत्म्यासाठी घ्यायचा असतो, बाई. त्याने दुसऱ्याच्या आयुष्यात भर पडत नाही."

त्रिशलाला हे ठाऊक होतं. शास्त्र तिने वाचलेलं होतं. पण भाऊ दवाखान्यात पडलेला बघितल्यावर मन शास्त्राचं ऐकत नाही. ती म्हणाली, एवढा द्या.

"समोरच्याला त्याचा त्रास होणार नाही ना?"

"नाही होणार," त्रिशला म्हणाली. तेव्हा तिच्या मनात उपाय तयार होता.

अण्णाला सांगण्याचा प्रश्नच नव्हता. ज्याच्यासाठी नियम घ्यायचा त्याच्या कानावर तो घालायचा नाही, ही आईची शिकवण. शिवाय अण्णा व्रतवैकल्यांना हसणारा, त्याने एका वाक्यात नियम मोडायला लावला असता. आणि फोन नुसताच उचलला नाही, तर तो काळजी करत बसला असता. त्याच्या हृदयाला काळजी चालणार नव्हती.

त्याच वर्षी मंडळाने 'प्रतिनिधी' सुरू केला होता. साहेब लोक बैठकीत गेले की फोन तुंबून राहायचे. म्हणून एक्सचेंजला ज्याच्या त्याच्या जुन्या बोलण्यावरून शिकवलं. आवाज, हेल, नेहमीचे प्रश्न, सगळं. माणसाने आपल्या फोनवरून परवानगी दिली की एक्सचेंज त्याच्या आवाजात उत्तरं देतं आणि संध्याकाळी त्या बोलण्याचं दोन ओळींचं सार फोनच्या छोट्या पडद्यावर लावतं. अडलं एवढंच होतं, की अशा वेळी दिवा कोणता लावायचा. त्यासाठी समिती बसली, त्रिशलाही तिच्यात होती. पुष्कळ बोलणं झालं आणि ठरलं, की माणसाने स्वतः परवानगी दिलेला आवाज हा त्याचाच आवाज. दिवा हिरवाच. जेवायची वेळ होऊन गेली होती. सगळ्यांबरोबर त्रिशलानेही हात वर केला.

सहाव्या बटणाची ओळ तिने बदलली, तेव्हा एक्सचेंजने विचारलं, प्रतिनिधीचा स्वभाव कोणता ठेवायचा. मोकळा, नेमस्त, सौम्य. तिने सौम्य निवडला. अण्णाला रागावायचा अधिकार तिचा एकटीचा होता, तो यंत्राला द्यायचं तिला जमेना. तातडीचं म्हणून थेट जोडून द्यायचं ते काय, या रकान्यात आधीपासून 'पाणी धोक्याच्या पातळीवर' एवढंच भरलेलं होतं. तिने ते तसंच ठेवलं.

इरफान मागे उभा राहून बघत होता. नियमाचं त्याला तिने सांगितलं होतं. तो म्हणाला, "रोज्यात मी जेवत नाही, मॅडम. पण माझ्या ताटावर दुसऱ्याला बसवत नाही."

"तू तुझे रोजे सांभाळ," ती म्हणाली. तो हसला आणि आपल्या जागेवर गेला. पण ते वाक्य काही वेळ तिच्या कानात राहिलं. मी बोलतच नाही, तर मी खोटं कसं बोलले, असं तिने स्वतःला समजावलं.

पहिल्या दुपारी सहावं बटण लुकलुकलं. हात सवयीने पुढे गेला होता, तो तिने मांडीवर दाबून धरला. फोन वाजला नाही. बटण लाल झालं, म्हणजे तिकडे बोलणं सुरू झालं. हातभर अंतरावर अण्णा कुणाशी तरी बोलत होता आणि ते 'कुणी तरी' त्रिशला होती. ती बटणाकडे बघत मनात णमोकार मंत्र म्हणत राहिली. दिवा विझला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, आणि आत कुठे तरी समाधानही होतं. ज्या नियमाने एवढं दुखतं, त्याचं फळ वाया जाणार नाही.

संध्याकाळी सार आलं. 'नेमिनाथ यांनी गोळी घेतल्याचं सांगितलं. पाऊस मध्यम. घरी सर्व ठीक.'

असेच दिवस जायला लागले. कृष्णा चढली, उतरली, पुन्हा चढली. कचेरीत माणसं जेवायची विसरायची. त्या धबडग्यात त्या दोन ओळी तिला देवाच्या अंगाऱ्यासारख्या वाटायच्या. पडद्यावर बोलण्याची मिनिटंही दिसत. आधी ती ऐसपैस असायची, मग कमी होत गेली. अण्णालाही पुराचं काम असणार, असं तिने धरलं. काही दुपारी बटण लुकलुकायचंच नाही. तेव्हा मात्र तिला चैन पडायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी लुकलुकलं की हायसं वाटायचं.

श्रावण संपता संपता सार आलं, 'तब्येत: किरकोळ थकवा. विश्रांतीचा सल्ला दिला.'

किरकोळ हा शब्द तिला टोचला. अण्णा थकलो म्हणतो म्हणजे किरकोळ नसतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. ती स्वतः असती तर म्हणाली असती, थकलो म्हणजे काय, छाती दुखते का हात, खरं बोल, नाही तर आत्ता जीप पाठवते. आणि त्याने खरं सांगितलं असतं. तिने रिसीव्हर उचलला. सहाव्या बटणावर बोट ठेवलं. मग माताजींपुढे धरलेलं श्रीफळ आठवलं. त्याच्याच प्रकृतीसाठी घेतलेला नियम त्याच्याच प्रकृतीच्या काळजीने मोडायचा, आणि मग काही वाईट झालं तर? मोडल्यामुळेच झालं, असं जन्मभर वाटत राहिलं असतं. तिने बोट काढलं. वहिनीला विचारून उपयोग नव्हता, तिच्यापासून तो लपवायचाच. दुसऱ्या दिवशी सार आलं, 'तब्येत ठीक.' तिने हात जोडले. गोड बोलून विचारणाऱ्याला माणूस ठीक आहे असंच सांगतो, हे तिच्या लक्षात आलं नाही.

भाद्रपदात दशलक्षण पर्व झालं. दहा दिवस तिने एकभुक्त राहून काढले. शेवटी क्षमावाणी आली. त्या दिवशी वर्षभरात जाणता-अजाणता दुखावलं असेल म्हणून सगळे एकमेकांची क्षमा मागतात. बस्तीत शत्रूसुद्धा हात जोडून उभे राहतात. त्रिशलाने नवऱ्याची, शेजाऱ्यांची, इरफानचीही मागितली. तो गडबडून म्हणाला, केली, केली, बसा. संध्याकाळच्या सारात होतं, 'क्षमावाणीनिमित्त शुभेच्छांची देवाणघेवाण.' दरवर्षी अण्णा फोनवर म्हणायचा, माझी क्षमा माग, सकाळपासून वाट बघतोय. ते आठवून तिला हसू आलं.

आश्विनातल्या एका सकाळी सहावं बटण लुकलुकलं. एवढ्या लवकर अण्णा कधी फोन करत नसे. तिने मान वळवून घेतली आणि हातातलं काम करत राहिली. बटण बराच वेळ लाल होतं. आज मनसोक्त बोलतोय, असं वाटून तिला बरं वाटलं.

संध्याकाळी घरी निघताना पडदा उजळला. 'तांबखडी: श्रीमती राजमती यांचा फोन. नेमिनाथ यांचं पहाटे निधन. सांत्वन केलं. येण्याविषयी विचारणा, नंतर कळवते असं सांगितलं.'

इरफानने तिला खुर्चीत बसवलं, तिच्या नवऱ्याला बोलावून घेतलं, साहेबाला न विचारता गाडी काढायला लावली. तोवर तिकडे सगळं उरकलं होतं. वहिनीने दुसऱ्या कुणाला त्रिशलाकडे निरोप द्यायला सांगितलंच नव्हतं. तिने स्वतः बोलून सांगितलं होतं.

नदीवरचा पूल पाण्याखाली होता, त्यामुळे ती तांबखडीला पोचली ती दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर. क्वार्टरच्या ओसरीवर राजमती वहिनी सुपात तांदूळ निवडत बसली होती. रडून डोळे कोरडे झालेले. तिने वर बघितलं नाही.

"आलीस. काम संपलं?"

त्रिशला तिच्यासमोर जमिनीवर बसली. काही बोलणार, तोवर वहिनीच बोलायला लागली, हळू, जणू तांदळाशीच. तिने सांगितलं, की सुरुवातीला अण्णा फोनवरून यायचा तो नेहमीसारखाच. मग येऊन गप्प बसायला लागला. पाणी मोजायला उतरला की वर यायला त्याला फार वेळ लागायचा. डॉक्टरकडे चला म्हटलं तर टाळायचा. वन्संना सांगते म्हटलं, तर म्हणायचा, तिला नको, तिला आता माझं काही वाटत नाही.

"असं म्हणायचा?"

"म्हणायचे, त्रिशला आता माझ्याशी भांडत नाही. पाहुण्याशी बोलावं तसं बोलते. मी म्हटलं, लाइन खराब असेल. तर म्हणाले, दिवा हिरवा असतो, तीच असते." वहिनीने एक खडा काढून बाजूला ठेवला. "दवाखान्यात एकदा वैतागून तुला बोलले होते ना? किती कटकट करतेस, घरी जा, असं काही तरी. तेच तू मनाला लावून घेतलंस, असं धरून बसले."

त्रिशलाने आठवून बघितलं. दवाखान्यातली खाट आठवली, सलाइन आठवली. ते वाक्य आठवलं नाही.

"क्षमावाणीला सकाळी आंघोळ करून फोनपुढे उभे राहिले," वहिनी सांगत होती. "कधी नव्हे ते. तुझी चेष्टा करणारा माणूस. हात जोडून म्हणाले, त्रिशू, दवाखान्यात तुला टाकून बोललो, मला क्षमा कर. मी दाराशी होते. मग फोन ठेवून आले आणि म्हणाले, केली म्हणाली. पण कुणालाही करावी तशी केली."

ओसरीसमोर पाणी मोजायची रंगवलेली पट्टी नदीत उभी होती. त्रिशला तिच्याकडे बघत राहिली. खोटं बोलायचं नाही हे व्रत होतं म्हणून नव्हे, पण दुसरं काही तोंडातून निघणं शक्यच नव्हतं.

"ती मी नव्हते, वहिनी."

मग तिने सगळं सांगितलं. नियम, बटण, सौम्य, सार. कुठे आवाज चढला नाही, कुठे थांबली नाही. वहिनीला एक्सचेंजचं फारसं कळत नव्हतं, पण जे कळायला हवं ते कळलं. सुपातले हात थांबले.

"दिवा हिरवा होता. मी तुला ते गेल्याचं सांगत होते, तेव्हाही होता."

"होता."

"काळजी घ्या वहिनी म्हणालीस. इतकं मऊ बोललीस, की मला वाटलं, हिला भाऊ नव्हताच कधी." "मग त्यांनी क्षमा मागितली ती कुणाकडे?"

वहिनीचा पदर तोंडाशी गेला आणि कोरडे डोळे पुन्हा भरले. रुसली नव्हतीस, एवढं तरी त्यांना कळायला हवं होतं, असं काहीसं ती पुटपुटली. त्रिशलाने तिचे पाय धरायला हात पुढे केले. तिने पाय मागे घेतले. रागाने नाही, नुसतेच घेतले.

बऱ्याच वेळाने वहिनीने विचारलं, "नियम कधी सुटतो?"

"कार्तिकी पौर्णिमेला."

"मग पाळ आता," वहिनी म्हणाली, आणि सूप उचलून आत गेली.

सांगलीला परतल्यावर त्रिशलाने सहाव्या बटणावरची परवानगी काढून घेतली. समितीपुढे तिने प्रस्ताव ठेवला, की प्रतिनिधी बोलत असताना दिव्याचा रंग वेगळा असावा. तिची कड एकट्या इरफानने घेतली. बाकीचे म्हणाले, रंग वेगळा दिसला तर लोक फोन ठेवून देतील, मग प्रतिनिधीचा उपयोग काय? विषय पुढच्या बैठकीवर गेला. तांबखडीला नवा माणूस आला. तो रोज पातळी सांगायचा, अचूक सांगायचा. त्रिशला ती स्वतः ऐकून घ्यायची.

कार्तिकी पौर्णिमेला बस्तीत गर्दी होती. चातुर्मासात नियम घेतलेल्या बायका एकेक करून माताजींपुढे जात होत्या. कुणी मधेच आजारी पडून नियम मोडला होता, कुणी लग्नघरात विसरून गोड खाल्लं होतं. त्या मान खाली घालून सांगायच्या, माताजी प्रायश्चित्त द्यायच्या. त्रिशलाची पाळी आली. माताजींना तांबखडीची बातमी कळलेली नसावी, किंवा असेलही. त्यांनी सगळ्यांना विचारलं तसंच तिलाही विचारलं.

"पूर्ण झाला, माताजी," त्रिशला म्हणाली. "एकदाही मोडला नाही."